पाच शिट्ट्या कुणाच्या?

मित्रांनो, मी कुकर. जुना, पाच लिटरचा, एका बाजूने जरासा चेपलेला. तुम्ही मला ओळखत असालच, कारण गणित नेमकं सुटायला लागतं तेव्हाच स्वयंपाकघरातून जो ओरडतो तो मीच. पण मी का ओरडतो, माझ्या पोटात काय चाललेलं असतं, हे तुमच्यापैकी किती जणांनी कधी विचारलंय? बघा, सगळे गप्प. मग आज मीच सांगतो. थोडा वेळ लागेल, पण वाटाणे शिजायलाही लागतोच की.

माझा जन्म ताटासारख्या सपाट अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीतून झाला. एका अवाढव्य यंत्राने तिच्यावर असा काही दाब दिला, की एका दमात तिचं पातेलं झालं. म्हणजे जन्म दाबातला आणि पुढचा सगळा जन्मही दाबातच. मग मला कान लागले, झाकण बसलं, झाकणाला रबर आलं. शेवटी तपासणी करणाऱ्या ताईंनी पोटात पाणी घालून मला शेगडीवर चढवलं. माझ्या रांगेत चाळीस कुकर होते आणि आम्ही सगळे एकामागून एक शिट्ट्या मारत होतो. कुणाचा आवाज किनरा, कुणाचा घोगरा, कुणाची नुसतीच फुसफुस. एकाचा आवाज दुसऱ्यासारखा नव्हता. मला ते तेव्हा फार नवल वाटलं होतं. ताई म्हणाल्या, "हा पास," आणि मी खोक्यात गेलो.

खोकं उघडलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात. घरातली आई दवाखान्यात नर्स. तिला रोग्याची नाडी अचूक सापडायची, पण माझी नाडी सापडायला तिला वेळ लागला. पहिल्याच आठवड्यात तिने न भिजवलेले पांढरे वाटाणे माझ्या गळ्यापर्यंत भरले, वर मीठ आणि चार टोमॅटो घातले आणि झाकण लावून कपडे वाळत घालायला गेली. आता वाटाण्यांचा स्वभाव तुम्हाला सांगतो. ते तापले की फुगतात, आणि फुगता फुगता फेस काढतात. फेसाबरोबर त्यांची सालं वर येतात. एक साल उडालं आणि थेट माझ्या वाफेच्या भोकात जाऊन बसलं. शिट्टी वाजेना. वाफ आत मावेना. मग माझा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि वाटाणे छताला भेटून आले. तो सेफ्टी व्हॉल्व्ह माझा जीव वाचवतो आणि तुमचाही, हे लक्षात ठेवा. आई दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "चला, निदान पाल तरी आता येणार नाही."

त्या दिवसापासून ती शिकली. वाटाणे असोत, हरभरे असोत की राजमा, रात्रभर भरपूर पाण्यात भिजवायचे. ते पाणी सकाळी फेकून द्यायचं. मला अर्ध्यापेक्षा जास्त भरायचं नाही. एक चमचा तेल घालायचं म्हणजे फेस डोकं वर काढत नाही. मीठ-टोमॅटो मागाहून, कारण आंबट आधी पडलं की दाणे हट्टाला पेटतात आणि मऊ व्हायचं नाव घेत नाहीत. आणि झाकण लावण्याआधी भोकातून उजेड दिसतो का ते बघायचं. ती मला रोज असं डोळ्याला लावून बघायची, जणू दुर्बीणच.

आणि आत काय होतं? ऐका तर. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांवर उकळतं आणि तिथेच अडतं. कितीही गॅस जाळा, पुढे सरकत नाही. पण मी वाफेला कोंडून ठेवतो. कोंडलेली वाफ पाण्यावर बसते आणि म्हणते, एवढ्यात नाही उकळायचं. मग पाणी आणखी तापतं, जवळजवळ एकशे वीसपर्यंत. ते तापलेलं पाणी दाण्याच्या गाभ्यात शिरतं आणि दगडासारखा वाटाणा आतून सैल होतो. अगदी कसा सैल होतो ते मला अजून नीट कळलेलं नाही. मी इतकी वर्षं त्याच्याभोवती आहे, पण दाण्याच्या आत काही मला जाता येत नाही.

पुढे घरात एक मुलगी आली. तिला बोलता यायला लागल्यापासून ती फक्त प्रश्नच बोलते, म्हणून तिचं नाव पडलं चौकशी. तिचे बाबा ट्रक घेऊन लांब लांब जातात, महिन्यातून दोनदा उगवतात. आणि चौकशी पाच वर्षांची झाली तेव्हा आईचे वडील राहायला आले. आई त्यांना नाना म्हणते, चौकशी आजोबा म्हणते. मीही आजोबाच म्हणतो.

आजोबांनी एका कागदाच्या कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. बॉयलर म्हणजे माझा थोरला भाऊच, फक्त एका खोलीएवढा. त्यामुळे आल्या दिवशीच त्यांनी माझं झाकण उलटंपालटं करून पाहिलं, रबरावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "छोटा आहे, पण खानदानी आहे." मित्रांनो, इतकी वर्षं मी सगळ्यांना जेवू घातलं, पण मला कुणी खानदानी म्हटलं नव्हतं.

आई सकाळी सहाला कामावर जायची. मग वाटाणे शिजवायचं काम आजोबांकडे आलं. त्यांची पद्धत ठरलेली. मला गॅसवर चढवायचं, बरणीतले पाच कोरडे वाटाणे मुठीत घ्यायचे आणि हवेशीर म्हणून गॅलरीत जाऊन खुर्चीत बसायचं. शिट्टी झाली की मोठ्याने आकडा म्हणायचा आणि एक वाटाणा बशीत टाकायचा. "एक." टक. "दोन." टक. पाचवा पडला की उठून गॅस बंद. चार वर्षं हा कार्यक्रम असा बिनचूक चालला, की आई दवाखान्यात सांगायची, "आमच्या नानांच्या हातचे वाटाणे बोटाने दाबले तरी विरघळतात."

मग ते बिघडलं.

एके दिवशी वाटाणे इतके कडक निघाले, की ताटात पडताना वाजले. दोन दिवसांनी त्यांचा पार चिखल झाला. पुन्हा कडक. पुन्हा चिखल. आजोबा चक्रावले. मी तर त्यांच्याहून चक्रावलो, कारण मला माझ्या शिट्ट्या माहीत होत्या. कडक निघाले त्या दिवशी मी दोनदाच वाजलो होतो आणि आजोबांनी "पाच" म्हणून गॅस बंद केला होता. चिखल झाला त्या दिवशी मी दहा वेळा घसा फोडून ओरडलो आणि ते गॅलरीत "चार" वर बसून होते. पण मी सांगणार कसं? मला एकच शब्द येतो, आणि तोच तर मोजला जात नव्हता.

दोष सगळा माझ्यावर आला. माझं रबर बदललं. नळाच्या पाण्याला नावं ठेवून झाली. दुकानदाराला आजोबांनी ऐकवलं, "जुना माल खपवतोस आम्हाला." तो म्हणाला, "काका, दाणे कालच आलेत, तुमचा कुकर मात्र कालचा नाही." शेवटी दुरुस्तीवाला आला, मला ठोकून बघितलं आणि मान हलवली. "याचं वय झालं आता. काढून टाका."

आजोबांनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं.

पण खरा घोळ झाला तो एका मंगळवारी. त्या दिवशी मी अकरा शिट्ट्या दिल्या. माझ्या पोटातलं पाणी संपलं, तळाचे वाटाणे कोळसा झाले आणि जळका वास जिन्यापर्यंत गेला. आई घरी आली, मला घासता घासता थांबली आणि आजोबांसमोर जाऊन बसली.

"नाना, हे आता धोक्याचं झालंय. घरात तुम्ही एकटे असता."

"कुकर बिघडलाय. मी काय करू?"

"तेच म्हणते. रविवारी जेवण झालं की नवा आणते, विजेवरचा. तो स्वतःच मोजतो, स्वतःच बंद होतो. आणि तुम्ही आता आराम करा."

आराम हा शब्द तुम्हाला गोड वाटत असेल. आजोबांना नाही. बॉयलरच्या खोलीत ज्याचं काम काढून घ्यायचं असेल त्याला साहेब येऊन हेच म्हणायचे, आता आराम करा. दुसऱ्या दिवशी फळ्यावरून त्याचं नाव पुसलेलं असायचं. आजोबांनी ही गोष्ट चौकशीला कितीदा तरी सांगितली होती. त्या रात्री ते जेवले, पण दुसऱ्यांदा काही वाढून घेतलं नाही.

चौकशीने हे सगळं ऐकलं. ती आता दहा वर्षांची झाली होती आणि बुधवारपासून तिच्या शाळेला सुट्टी होती. आजोबांच्या हातून काम जाणार, आणि मी भंगारात जाणार, ते रविवारी. तिच्याकडे चार दिवस होते.

बुधवारी तिने वही काढली. आधी तिला संशय होता वाटाण्यांवर. तिने जुन्या पाकिटातले आणि नव्या पाकिटातले दाणे वेगवेगळ्या वाट्यांत भिजवले होते आणि सकाळी त्या वाट्या माझ्या पोटात ठेवल्या. दोन्हीतले सारखेच कडक निघाले. "म्हणजे वाटाणे निर्दोष," तिने लिहिलं. गुरुवारी तिचा संशय माझ्यावर आला. ती स्टुलावर बसून माझ्याकडे डोळे रोखून बघत राहिली आणि मी वाजलो की रेघ मारत गेली. दोन रेघा झाल्या आणि गॅलरीतून आवाज आला, "पाच." आजोबा आत आले आणि गॅस बंद केला.

"आजोबा, दोनच झाल्या."

"काय म्हणतेस? तोंडातल्या तोंडात बोलू नकोस गं."

"दोनच शिट्ट्या झाल्या."

"ही बशी बघ. पाच दाणे आहेत की नाहीत? बॉयलरवाल्याला मोजायला शिकवतेस?"

बशीत पाच दाणे होते. वहीत दोन रेघा होत्या. दोघंही खरं बोलत होते. चौकशीने पेन्सिलीचं टोक चावलं. मला तर तिच्यापेक्षाही जास्त उत्सुकता लागली होती. माझ्या उरलेल्या तीन शिट्ट्या मारल्या कुणी?

शुक्रवारी कामावर जाताना आईने तिला शेजारी जायला सांगितलं, गाणंवाल्या मावशींकडे. आमची गॅलरी आणि त्यांची गॅलरी, मध्ये फक्त एक कठडा. मावशी गाणं शिकवतात. त्यांचे वाटाणे म्हणे हल्ली फार सुरेख शिजतात, तेव्हा त्यांच्याकडचे मूठभर दाणे आणून बघू, असं आईचं म्हणणं. पुढे काय झालं ते चौकशीने मला मागाहून सांगितलं. हो, ती माझ्याशी बोलते. विचारायला कुणी उरलं नाही की मी असतोच.

मावशींच्या ओट्यावर एक ढोल्या कुकर बसला होता. तो वाजला. घसा बसलेल्या माणसासारखा, जाड, घोगरा. आणि लगेच कठड्याच्या पलीकडून आजोबांचा आवाज आला.

"तीन."

टक.

चौकशी हातातली वाटी धरून तशीच उभी राहिली.

"मावशी, हे काय?"

"काय म्हणजे? तुझे आजोबा माझ्या शिट्ट्या मोजतात की. सहा महिने झाले. मला आपलं वाटलं, शेजारधर्म. माझ्या शिकवणीच्या गोंधळात मला काही ऐकू येत नाही गं, म्हणून मी त्यांच्या आकड्यावरच असते. पाच म्हणाले की गॅस बंद."

"आणि भात असला तर?"

"तर तीनला बंद करते. मग दुसरा कुकर लावला की ते बिचारे चारपासून पुढे मोजतात. मला गंमत वाटायची, पण मोठ्या माणसाला कसं विचारणार?"

"तुम्हाला आमचा कुकर ऐकू येतो?"

"येतो की. बारीक, सुईसारखा. वरच्या पट्टीत किंचाळतो तो. पूर्वी असा नव्हता हो तुमचा."

पूर्वी नव्हताच, मित्रांनो. सहा महिन्यांपूर्वी माझी जुनी शिट्टी हरवली होती. म्हणजे चौकशीनेच ती गॅलरीच्या कठड्यावर भोवऱ्यासारखी फिरते का ते बघितलं होतं. फिरली, छान फिरली, आणि तीन मजले खाली गटारात गेली. तिच्या जागी नवी आली, ती किनऱ्या आवाजाची. आणि आजोबांचे कान चौतीस वर्षं बॉयलरच्या घरघरीत राहिलेले. अशा कानांना आधी वरचे बारीक आवाज सोडून जातात, जाडे आवाज राहतात. त्यांना कळलंही नव्हतं. शिट्टी ऐकू येतच होती ना रोज. फक्त ती माझी नव्हती.

चौकशी घरी आली आणि माझ्यासमोर स्टुलावर बसून राहिली. उत्तर सापडलं होतं आणि तिला ते नको होतं. आईला सांगावं, तर आई म्हणणार, ऐकू येत नाही ना, मग आरामच बरा. आजोबांना सांगावं, तर कसं सांगावं? न सांगावं, तर रविवार. "माझ्यामुळेच झालंय," ती मला म्हणाली. मी गार पडलो होतो, मला काही बोलता आलं नाही.

शनिवारी सकाळी तिने एकच केलं. आजोबा वाटाणे मुठीत घेऊन गॅलरीकडे निघाले तेव्हा तिने प्रश्न विचारला. त्यांच्या समोर जाऊन, तोंड वर करून, सावकाश.

"आजोबा, बॉयलरमध्ये वाफ किती झाली ते कसं कळायचं? शिट्ट्या मोजायचात?"

आजोबा हसायलाच लागले. "शिट्ट्या? वेडी का काय तू? तिथे काटा बघायचा. डोळा काट्यावरून हलला तर साहेब ओरडायचे. बॉयलर वाजला म्हणजे आपलं चुकलं."

"मग इथे काटा कुठेय?"

"इथे काटा नसतो."

"मग इथे बसून दाखवा ना, कशाकडे बघायचं ते."

ते बसले. स्टूल घेऊन, अगदी माझ्यासमोर. मी तापू लागलो. आतले वाटाणे कुजबुजायला लागले. माझ्या शिट्टीच्या बुडाशी वाफेचा एक दोरा आला, मग ती थरथरली, वर उचलली गेली आणि मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून ओरडलो.

आजोबा माझ्याकडे बघत होते. शिट्टी नाचताना त्यांना दिसली. वाफेचा फवारा दिसला. चौकशीने कानावर हात ठेवले तेही दिसलं.

"ही वाजली?" त्यांनी विचारलं.

चौकशीने मान डोलावली.

"पुन्हा वाजू दे."

मी पुन्हा वाजलो. ते आणखी जवळ वाकले. मग त्यांनी गॅस बारीक केला आणि मुठीतले पाच वाटाणे ओट्यावर ठेवले, एकेक करून.

"कधीपासून?"

"नवी शिट्टी आली तेव्हापासून. जुनी मी घालवली, आजोबा."

"आणि मी मोजतो त्या कुणाच्या?"

"गाणंवाल्या मावशींच्या."

आजोबांनी ओट्यावरचे पाचही दाणे पुन्हा मुठीत घेतले. मला वाटलं, आता ते उठून जातील आणि पुन्हा कधी स्वयंपाकघरात येणार नाहीत. पण त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि ते कशाने ओले झाले होते हे मी काही नक्की सांगू शकत नाही.

"म्हणजे सहा महिने मी नोकरी करतोय शेजारच्या घरी, आणि शिव्या खातोय इथे."

"आईला सांगायचं नाही," चौकशी म्हणाली.

"आईला मीच सांगणार. चुकीचा आकडा लपवणारा बॉयलरवर टिकत नाही."

रविवारी आई पिशवी शोधत होती, नव्या कुकरसाठी. आजोबांनी तिला ओट्याशी बोलावलं.

"बस जरा. मला बारीक आवाज ऐकू येईनासे झालेत. कुकर चांगला आहे. माझे कान गेलेत."

आईने सापडलेली पिशवी ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "मी नर्स आहे, नाना. मला कळायला हवं होतं."

"तुला कोण सांगणार? मलाच माहीत नव्हतं. आता मी काय करतो ते बघ, आणि मग ठरव."

त्यांनी मला चढवलं. गॅलरीत गेले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले, शिट्टी उचलली गेली तशी गॅस बारीक केला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "वाटाण्यांना इथून बारा मिनिटं. राजमा असेल तर वीसच्या वर. शिट्ट्यांचं काही खरं नसतं. गॅस मोठा असला की भराभर वाजतात, बारीक असला की वाजतच नाहीत. वेळ मात्र फसवत नाही. हे मला आधीच सुचायला हवं होतं. पण मोजायला मजा यायची."

बारा मिनिटांनी त्यांनी गॅस बंद केला. आईचा हात सवयीने झाकणाकडे गेला. "थांब," आजोबा म्हणाले, "वाफ आपली आपण उतरू दे." तिघं माझ्याभोवती उभी राहिली. तेवढ्यात कठड्यापलीकडून मावशी ओरडल्या, "अहो काका, आज आकडा नाही का? माझ्या वाटाण्यांचा कोळसा झाला." चौकशीने ते आजोबांना समोर येऊन सांगितलं आणि मग घरात असं हसू झालं की माझी वाफ कधी उतरली ते कुणालाच कळलं नाही.

झाकण निघालं. आईने एक वाटाणा दोन बोटांत धरला आणि दाबला. तो विरघळला. तिने दुसरा दाबला. मग पिशवीची घडी घालून कपाटात ठेवून दिली.

"उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जायचं," ती म्हणाली, आजोबांच्या तोंडाकडे बघून, मोठ्याने. "दहा वाजता. त्याआधी वाटाणे करून ठेवाल ना?"

आजोबांनी हो म्हटलं. त्यांच्याकडून एकच शब्द आला, पण मला तो चांगला ऐकू आला.

मित्रांनो, माझं म्हणणं फार नाही. माझं भोक रोज उजेडात धरून बघा, रबर कडक झालं की बदला, मला अर्ध्याच्या वर भरू नका. आणि घरात कुणाचं काही चुकायला लागलं, माणसाचं किंवा भांड्याचं, तर त्याला लगेच आराम देऊ नका. समोर जाऊन उभे राहा, तोंडाकडे बघून विचारा, आणि उत्तर येईपर्यंत झाकण ओढू नका.